न ऐकलेला न

चार वस्त्या पाहिल्या आणि चारही ठिकाणी आई ‘चालेल’ म्हणाली, असं माझ्या तक्त्यात लिहिलेलं आहे. त्यातली तिसरी नोंद चुकीची आहे. यंत्र बरोबर होतं, पद्धत बरोबर होती. चूक एका अक्षराची आहे आणि ती माझी आहे.

मला नव्या शहरात नोकरी लागली ती आवाज मोजणारी यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. कारखान्यांतून, विमानतळांवरून ध्वनिमापक आमच्याकडे येतात. ते खरं बोलतात की नाही हे आम्ही पाहतो आणि शिक्का मारून परत पाठवतो. पदार्थविज्ञान शिकून असं काम मिळणं म्हणजे माझ्यासारखीला लॉटरीच. लहानपणापासून घरात माझं नाव ‘फूटपट्टी’. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी आणि आई दोघीच, म्हणजे माझं शहर बदललं की तिचंही बदलणार हे उघड होतं.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. ती ज्याच्याकडे थेट पाहते नेमकं तेच तिला दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून माणसाचं तोंड पाहायचं असेल तर ती त्याच्या कानाकडे पाहते. नवीन माणसं चाचपून आपला कान पुसून घेतात. जुन्या शहरात मात्र तिला काही अडत नसे. भाजी, बँक, औषधं, मावशीचं घर, सगळीकडे ती एकटी जायची, काठीसुद्धा नाही. मला याचं कौतुक होतं, पण ती हे कसं जमवते असा प्रश्न मला कधी पडला नाही. एरवी मला फ्रीज रात्री का घुरघुरतो असेही प्रश्न पडतात.

निघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “डाग पसरत जाणार. जे दिसतंय ते आहे तोवर नवी जागा पायाखालची करून घ्या. एकटं फिरायची सवय एकदा सुटली की परत लागत नाही.” मी वहीत लिहिलं : ‘नवी जागा, लवकर’. ‘लवकर’खाली रेघ मारली. ‘एकटं’ हा शब्द लिहिलाच नाही.

आईबद्दल आणखी एक सांगायला हवं. तिनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आधी दोऱ्या खुपसायचा फळा होता, नंतर संगणक आला, पण आईचं बोलणं तेच राहिलं. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि माझं बोलणं म्हणजे तिचं कायमचं दुखणं. मी ‘मी येईल’, ‘मी करेल’ असं म्हणते. आमच्या वयाचे सगळेच म्हणतात.

“मी संध्याकाळी येईल गं.”

“कोण येईल? दुसरं कोणी येणार असेल तर चहा जास्त टाकते.”

“आई!”

“येईन म्हण. न. तुझ्या नाकाला भोकं आहेत ना दोन? वापर की.”

हा संवाद आमच्याकडे वीस वर्षं चालू आहे. मी सुधारले नाही. माझ्या तोंडात ‘ल’ आणि ‘न’ यांचा संसार केव्हाच एक झाला होता.

तर वस्त्या. कामावर रुजू होण्याआधी दोन दिवसांत चार घरं पाहायची होती. मी प्रयोगशाळेतून एक ध्वनिमापक मागून घेतला होता. प्रत्येक दारासमोर दहा मिनिटं मोजमाप करायचं, सरासरी काढायची. हे यंत्र मोजता मोजता आवाज साठवूनही ठेवतं, म्हणजे नंतर कोणता आवाज कशाचा हे ओळखता येतं. घरं दाखवणारा एजंट ते पाहून जरा दबकला होता.

“हे काय आहे ताई? पाणी शोधायचं?”

“आवाज मोजायचं.”

“मग मी बोलू की नको?”

“तुम्ही बोला हो,” आई म्हणाली, “तुमचा आकडा आम्ही वेगळा काढू.”

एजंटचं एक ठरलेलं वाक्य होतं : ‘काकू, हवा बघा, हवा!’ पहिली वस्ती नदीकाठची होती. भिंतींना बुरशी आली होती आणि तो म्हणत होता, हवा बघा. आई म्हणाली, “बघितली. जरा पिळून द्या.” मग मला म्हणाली, “चालेल.” मी लिहिलं. दुसरी वस्ती बसस्थानकामागची. तिथं तर हवेचा रंगही दिसत होता. “चालेल,” आई म्हणाली. मी लिहिलं. दोन्ही वेळा तिचा आवाज सपाट होता, जसा ‘आपण रांगेत आहात’ सांगणाऱ्या बाईचा असतो.

तिसरी सुतारगल्ली. अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडाची दुकानं, मध्येच सायकल दुरुस्ती, एक पावाची भट्टी, टोकाला शाळा. करवत, रंधा, हातोडी, सगळं एकदम. यंत्रावर एकाहत्तर. घर तळमजल्यावर, रस्त्यालगत. आई घरात गेलीच नाही. ती रस्त्यातच उभी राहिली, डोकं जरा तिरकं करून, आणि मग मला काही न सांगता एकटीच चालू लागली. भट्टीवरून शाळेपर्यंत गेली, वळली, परत आली. वाटेत एकानं फळी खांद्यावरून फिरवली, तर ही वेळेवर थांबली आणि तो गेल्यावर पुढे निघाली. मी यंत्राच्या पडद्याकडे पाहत होते. दोन बस बदलून प्रयोगशाळेला पन्नास मिनिटं, हे मनातल्या मनात मोजून झालं होतं. आई जवळ येऊन काहीतरी म्हणाली. मी ‘चालेल’ असं लिहिलं.

चौथी टेकडीवरची. प्रयोगशाळेपासून पायी अकरा मिनिटं. पांढरी घरं, पांढऱ्या कुंपणभिंती, एकसारखी लोखंडी फाटकं, वळणावळणाचा स्वच्छ रस्ता. खिडकीतून आमच्या प्रयोगशाळेचं छप्पर दिसत होतं. एजंटसुद्धा तिथं कुजबुजत बोलत होता.

“इथं कोणी राहतं का?” आईनं विचारलं.

“राहतात ना काकू. सगळी सभ्य माणसं.”

“सभ्य म्हणजे? श्वास घेतात ना?”

यंत्रावर एकेचाळीस. इतका सुंदर आकडा मी शहरात कुठं पाहिला नव्हता. “चालेल,” आई म्हणाली. सपाट.

रात्रीच्या जेवणाआधी मी तक्ता पुरा केला. प्रत्येक मुद्द्याला भार दिलेला होता. आईच्या मताला तीस, प्रयोगशाळेपासूनच्या अंतराला दहा, बाकीचा आवाज, पायऱ्या, दवाखाना, दुकानं यांत वाटलेला. मग मी विचार केला की आई चारही ठिकाणी एकच उत्तर देते. जी राशी बदलतच नाही ती काही सांगत नाही. म्हणून तिचा भार दहा केला आणि अंतराचा तीस. शास्त्राला धरून होतं. टेकडी पहिली आली.

“आई, टेकडीचं घर आलं बघ पहिलं. तुझ्यासाठी किती शांत आहे. रस्त्यावर गाड्या नाहीत, धक्के नाहीत.”

आई म्हणाली, “आलं ना पहिलं? मग झालं तर.”

*

‘आईसाठी शांत जागा घेतली.’ हे वाक्य मी पहिल्या महिन्यात निदान वीस जणांना ऐकवलं असेल. प्रयोगशाळेत, शेजारी, मावशीला. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “आजकालच्या मुली असा विचार करत नाहीत.” मी नम्रपणे मान खाली घातली. वर, मी सकाळी पावणेनऊपर्यंत झोपत होते आणि शीळ घालत कामाला जात होते.

तिसऱ्या आठवड्यात आई पाव आणायला एकटी बाहेर पडली आणि तिला घर सापडेना. फाटकं सगळी सारखी आणि एकही आवाज नाही. ती एका कुंपणाच्या कठड्यावर बसून राहिली. एका आजोबांकडे रोज दुपारी येणाऱ्या नर्सनं तिला चौकशी करत दारापर्यंत आणून सोडलं. हे मला आईकडून कळलं ते विनोद म्हणून.

“एका भिंतीशी दीड तास गप्पा मारल्या. फार सभ्य भिंत. एकदाही मध्ये बोलली नाही.”

“फोन का नाही केलास मला?”

“आणि काय सांगू? पांढऱ्या भिंतीपाशी आहे, ये?”

मी हसले. ती हसली. त्यानंतर ती एकटी बाहेर गेली नाही. पाय भरून येतात म्हणायची. मी संध्याकाळी तिचा हात धरून वळणापर्यंत नेऊन आणत असे. ती माझ्या बाजूनं चालायची, मुकाट, शाळेतून घरी नेतात तशी. तिचं माझ्याकडे पाहणंही बदललं होतं. बोलताना तिची नजर माझ्या कानावर नसायची, खाली कुठंतरी असायची. मला वाटलं, रुसली आहे. होईल सवय.

मग एक दिवस मावशीचा फोन आला, तोही मी कामावर असताना.

“अगं फूटपट्टी, तुझ्या आईला काय झालंय?”

“का? काय केलं तिनं?”

“रोज दुपारी फोन करते. म्हटलं, बहिणीची आठवण येते. तर कसलं काय! म्हणते, तू बोलू नकोस, फोन खिडकीत ठेव आणि तुझी कामं कर. तासभर! माझ्या खिडकीत असतं काय? भांड्यांचं दुकान आणि ते भांडकुदळ पोळ्यांवालं जोडपं. ते ऐकत बसते.”

“ऐकून काय करते?”

“मला काय ठाऊक? परवा मी फोन उचलून म्हटलं, अगं मी आहे इथं, माझ्याशी बोल की. तर म्हणते, थांब, शाळा सुटतेय, मी आत्ता चौकात आहे.” मावशी थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, “ती माझ्या फोनमधून फिरायला जाते गं. तुमच्याकडे रस्ते नाहीत का?”

मी म्हटलं, आहेत, चांगले आहेत. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एका ध्वनिमापकाचे स्क्रू काढत आणि लावत बसले.

मला तेव्हाच घरी जाऊन विचारता आलं असतं. मी गेले नाही. मला उत्तर कळलं होतं, पण ते अजून कोणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. जोवर म्हटलेलं नाही तोवर अकरा मिनिटांत कामावर पोचता येत होतं.

*

ते मोठ्यानं म्हटलं गेलं ते आणखी दोन आठवड्यांनी, आणि म्हणणारी मीच निघाले.

गोंगाटात माणसाला बोलणं किती कळतं याची चाचणी आमच्या प्रमुख बाईंना बसवायची होती. त्यांनी विचारलं, “कोणाकडे रस्त्यांचे आवाज साठवलेले आहेत का? आकड्यांसकट?” माझ्याकडे होते. मी चारही नोंदी घेऊन शांत खोलीत गेले. ही खोली जाड भिंतींची आहे, आत स्वतःच्या गळ्यातला आवंढा ऐकू येतो. कानांवर हेडफोन लावले आणि सुतारगल्ली सुरू केली.

करवत, रंधा, हातोडी. मग आईची पावलं लांब जातात. चार मिनिटांनी परत येतात. माझा आवाज : “आई, कसं वाटतंय?” आणि त्या सगळ्या गदारोळातून आईचा आवाज :

“इथं चालेन.”

मी परत मागे घेतलं. सात वेळा ऐकलं. पडद्यावर लहरी काढून पाहिल्या. ‘ल’ आणि ‘न’ म्हणताना जीभ जवळजवळ एकाच जागी टेकते. फरक इतकाच की ‘ल’ची हवा जिभेच्या कडांवरून जाते आणि ‘न’ची नाकातून. गोंगाटात ही दोन अक्षरं एकमेकांच्या जागी ऐकू येणं सहज शक्य आहे. आणि पडद्यावर जे होतं ते ‘न’ होतं. आई ‘चालेल’ म्हणालीच नव्हती. ती म्हणाली होती की इथं मी चालेन.

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. एकाहत्तर डेसिबल! अशा आवाजात कोणाचीही चूक झाली असती. ही गोष्ट मी आईला, मावशीला, वेळ पडली तर प्रमुख बाईंनाही आकड्यांसकट पटवून देऊ शकत होते. मी नोंद बंद करायला हात पुढे केला. पण मोजमाप दहा मिनिटांचं होतं आणि अजून तीन मिनिटं उरली होती. अर्धवट ऐकायची मला सवय नाही.

पुढं करवत थांबते. कोणीतरी फळी खाली ठेवल्याचा आवाज. रंधाही थांबतो. माझा आवाज : “अं?” मग आई, स्वच्छ, जवळून, एक्स्चेंजच्या आवाजात :

“चालेन म्हटलं. चालेन.”

आणि लगेच, तिचा ‘न’ पुरता संपायच्या आत, मी :

“हां, म्हणजे चालेल. लिहिते.”

त्यावर दोन पूर्णांक तीन सेकंद कोणीच बोलत नाही. मग आई म्हणते, “लिही.”

तेव्हा पडद्यावर आकडा बावन्न होता. बावन्न डेसिबलला माणूस सगळं ऐकतो. कागद उलटल्याचाही आवाज ऐकतो, आणि तो मी ऐकला, कारण वहीचं पान मीच उलटलं होतं.

मी तक्ता उघडला. जुनी आवृत्ती अजून होती. आईच्या मताला परत तीस केले, अंतराला दहा, आणि तिसऱ्या ओळीत तिनं खरोखर म्हटलं होतं ते भरलं. सुतारगल्ली सहा गुणांनी पहिली आली. प्रमुख बाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि यंत्र पिशवीत टाकून घरी निघाले. अकरा मिनिटं फारच कमी पडली.

*

आई खिडकीत बसली होती, फोन कानाला.

“आई, मावशीला ठेव म्हण.”

“का गं? इतक्या लवकर? काढून टाकलं की काय नोकरीवरून?”

“नाही. हे ऐक.”

मी तिच्या कानांवर हेडफोन लावले. आईचा चेहरा पाहता पाहता सैल झाला. तिचे पाय जमिनीवर किंचित हलत होते.

“डावीकडचा रंधा बोथट आहे,” ती म्हणाली. “भट्टी इथं. ही आली सायकलवाल्याची हवा. अगं, हे तर ते—” मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. शेवटपर्यंत ऐकून तिनं हेडफोन काढले आणि वायरीची नीट गुंडाळी केली.

“तू चालेन म्हणाली होतीस,” मी म्हटलं.

“हो.”

“दोनदा.”

“दोनदाच सांगते मी. एक्स्चेंजमध्ये तसंच होतं. तिसऱ्यांदा सांगितलं की समोरचा चिडतो.”

“मग घरी आल्यावर तरी सांगायचंस! मी तक्ता करत होते तेव्हा!”

“माझ्यावर ओरडू नकोस,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी खाली बसले. “तुला ऐकू आलं होतं. एकतीस वर्षं मी लोकांचं ऐकलंय. ज्याला ऐकू येत नाही तो ‘अं?’ करून थांबतो. तू थांबली नाहीस. आणि टेकडीवरून उतरताना तू शीळ घालत होतीस. पदवी मिळाली तेव्हा नव्हती घातलीस. म्हटलं, शिकेन हीही जागा. तीन घरं शिकले याआधी, चौथं शिकेन. पण इथं शिकायचं काय? धरायला आवाजच नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की नुसतं पांढरं.”

“मला वाटलं शांत जागा तुझ्यासाठी—”

“माझ्यासाठी?”

मी ते वाक्य पुरं करू शकले नाही. वीस जणांपुढे ते सहज पुरं झालं होतं.

“चुकलं माझं, आई.”

“चुकलंच.” तिनं हात पुढे करून माझा गुडघा शोधला आणि त्यावर थापटलं. “पण तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. म्हणजे नंतर म्हणायला नको की सांगितलं नाही. आपण आलो तेव्हा तुझ्या कानाकडे बघितलं की तुझं तोंड दिसायचं. आता नाही दिसत. आता खांद्याकडे बघावं लागतं.”

ती रुसली नव्हती. इतके दिवस माझा चेहरा पाहायला तिला आणखी लांब वळावं लागत होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की दिसतंय तोवर शिकून घ्या. त्यातले तीन महिने मी तिला एका पांढऱ्या भिंतीपाशी बसवून ठेवलं होतं. ते आता कोणत्याही तक्त्यात परत भरता येणार नव्हते.

*

शनिवारी सकाळी सुतारगल्लीत गेलो. तळमजल्याचं घर गेलेलं होतं. एजंट हात उडवत म्हणाला, “मी तेव्हाच म्हटलं होतं ताई, हवा बघा म्हणून.” त्याच्याकडे दुसरं एक होतं, सायकल दुरुस्तीच्या वर, पहिला मजला, अठरा पायऱ्या, स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावेल असं. आई वर आली नाही.

“तुम्ही दोघं बघा वर. मी जाऊन येते.”

“मी येऊ?”

“नको.”

मी वर गेले, पण घर पाहिलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून खाली पाहत राहिले. यंत्र आणलं नव्हतं, तरी घड्याळ होतं. आई भट्टीपर्यंत ठीक गेली. पुढे एका दुकानाबाहेर फळ्या उभ्या रचलेल्या होत्या, त्यांना तिचं कोपर लागलं. ती थांबली. नेमकी तेव्हाच करवत बंद पडली. आई रस्त्याच्या मधोमध उभी, एक हात किंचित पुढे. एका सायकलवाल्यानं घंटा वाजवून तिला वळसा घातला. माझा पाय पायरीवर गेला.

“राहू द्या ताई,” एजंट म्हणाला. त्यालाही काय झालंय ते धड कळलं नव्हतं, पण तो कुजबुजत म्हणाला. “त्या ऐकतायत.”

आई खरंच ऐकत होती, डोकं तिरकं करून. करवत परत सुरू झाली. तिनं डावीकडे अर्धं पाऊल सरकून दिशा धरली आणि शाळेच्या फाटकापर्यंत गेली. परत येताना भिंतीला हात लावत आली. तीन महिन्यांपूर्वी हीच फेरी चार मिनिटांची होती आणि भिंतीला हात नव्हता. आज अकरा मिनिटं लागली. टेकडीवरून प्रयोगशाळेला जायला मला लागतात तेवढीच. हा योगायोग आहे, त्याला काही अर्थ नाही, हे मला कळतं.

अठरा पायऱ्या मोजत ती वर आली. दम लागला होता. कोपराला भुसा लागला होता आणि गालावर मी तीन महिन्यांत न पाहिलेला रंग होता.

“मग काकू?” एजंटनं विचारलं. “काय म्हणता? चालेल?”

आई उत्तर देणार होती. मग थांबली.

“हिला विचारा,” ती म्हणाली. “रोज दोन बस बदलून हिला जायचंय.”

दोघं माझ्याकडे वळले. खाली रंधा चालू होता, शाळेची घंटा झाली होती, सायकलवाला कोणालातरी जोरात हसत होता. सत्तरच्या पुढे असेल. पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला. सहाला उठणं. आईनं गेली कित्येक वर्षं हा शब्द कसा म्हटला असेल, नदीकाठी, बसस्थानकामागे, टेकडीवर, मला नोकरी लागली त्या दिवशी, हे मला तो तोंडात आल्यावर कळलं.

“चालेल,” मी म्हणाले.

आईनं मान वळवली आणि बराच वेळ माझ्या खांद्याकडे पाहत राहिली.